आखूड रनर, मोठा प्लेनम : इनटेक मॅनिफोल्ड बदलून इंजिनाला काय मिळते?

हे परीक्षण दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनावर बसवलेल्या इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाचे, आहे. मॅनिफोल्ड ओतीव ॲल्युमिनियमचा आहे, त्याचे रनर (एकेका सिलिंडराकडे जाणाऱ्या नळ्या) मूळ भागापेक्षा बरेच आखूड आणि प्लेनम (सगळे रनर जिथून निघतात ती हवेची पेटी) चांगलाच मोठा आहे, आणि थ्रॉटल बॉडीसाठीचे (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेसाठीचे) तोंड ७० मिलिमीटरचे आहे. उत्पादकाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. याच घडणीचे मॅनिफोल्ड अनेक कंपन्या विकतात, त्यांच्या जाहिरातीही जवळपास एकाच भाषेत असतात, आणि पुढे जे गुणदोष येतील ते बहुतांशी या घडणीचेच आहेत. गाडीतील एअर इनटेकचा पाइप, एक्झॉस्ट आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) मॅपिंग, म्हणजे त्यातील इंधन वगैरेंची कोष्टके, आधीच बदललेले होते; व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मात्र मूळचाच होता. ही शेवटची गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी, कारण या भागाबद्दलचे समाधान आणि निराशा दोन्ही पुष्कळ अंशी तिच्यावर अवलंबून आहेत.

फिल्टरमधून आलेली हवा चार सिलिंडरांत वाटून देणाऱ्या नळ्या, एवढीच मॅनिफोल्डची ओळख अनेकांना असते, आणि त्यामुळे नळी जितकी रुंद व आखूड तितकी हवा जास्त, असा सरळ हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात रनरमधील हवा सलग वाहत नाही. ती धक्क्याधक्क्याने पुढे सरकते. इनटेक व्हॉल्व्ह उघडून पिस्टन वेगाने खाली जाऊ लागला की रनरमध्ये कमी दाबाची एक लहर उठते आणि ध्वनीच्या वेगाने प्लेनमकडे जाते. तेथील मोकळ्या जागेत पोचताच ती उलटते आणि जास्त दाबाची लहर होऊन व्हॉल्व्हकडे परत येते. व्हॉल्व्ह मिटण्याच्या थोडे आधी ती नेमकी पोचली, तर जाता जाता जास्तीची हवा सिलिंडरात कोंबली जाते आणि इंजिनाच्या त्या फेऱ्यांना (मिनिटाला होणाऱ्या आवर्तनांना) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. ती फार लवकर आली किंवा व्हॉल्व्ह मिटल्यावर आली, तर हा फायदा हातचा जातो.

रनरची लांबी कशी ठरते हे एका साध्या गणिताने कळते. कोमट हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंतचे अंतर, सिलिंडर हेडमधील पोर्टची (व्हॉल्व्हपर्यंतच्या हवेच्या वाटेची) लांबी धरून, ३५ सेंटिमीटर असेल, तर लहरीला जाऊन परत यायला सुमारे २ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो ७२ अंश पुढे गेलेला असतो. ४,००० फेऱ्यांवर हेच ७२ अंश फिरायला ३ मिलिसेकंद लागतात. लहर त्याच क्षणी परतायला हवी असेल, तर अंतर ५२ सेंटिमीटरच्या आसपास लागेल. लांब रनर खालच्या फेऱ्यांना साथ देतो आणि आखूड रनर वरच्या फेऱ्यांना, ही गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येणारी गोष्ट या हिशेबातून आलेली आहे. हिशेब ढोबळ आहे, कारण कॅमचे टायमिंग, रनरचा व्यास आणि प्लेनमचा आकार यांचाही त्यात वाटा असतो. पण मॅनिफोल्ड निवडताना दिशा कळायला तो पुरेसा आहे.

१९६० च्या क्रायस्लर ३००-एफ या मोटारीत सुमारे ३० इंच लांबीचे, इंजिनाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आडवे जाणारे रनर होते. त्याच गाडीच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीत बाहेरून तेच दिसणारे मॅनिफोल्ड ठेवून आतल्या भिंती कापून काढल्या होत्या, त्यामुळे लहरीच्या दृष्टीने लांबी १५ इंचांवर आली आणि टॉर्कचे शिखर वरच्या फेऱ्यांकडे सरकले. पुढे उत्पादकांनी लांबीच बदलती ठेवण्याचा मार्ग धरला. १९९१ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७-बीच्या रोटरी इंजिनात इनटेकच्या नळ्या चालू गाडीत लांब-आखूड होत असत, आणि २००१ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एन६२ या व्ही-८ इंजिनात रनरची लांबी सुमारे २३ ते ६७ सेंटिमीटर यांच्या दरम्यान सलग बदलत असे. ज्या गाडीत मूळचाच मॅनिफोल्ड अशा बदलत्या लांबीचा आहे, मग ती व्यवस्था दोनच टप्प्यांची का असेना, त्या गाडीच्या मालकाने ठरावीक आखूड रनरचा भाग घेण्याआधी शंभरदा विचार करावा. त्याच्याकडे दोन्ही टोकांची सोय आधीच आहे; नव्या भागाने त्यातली एक जाईल.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. खोक्यातून बाहेर काढल्यावर मॅनिफोल्ड देखणा वाटतो, आणि बोनेट उघडल्यावर लोकांनी वाकून पाहावे यासाठीच वरचा गुळगुळीत मुलामा दिलेला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. ओतकाम दाट आहे, वेल्डिंगचे सांधे नाहीत, आणि हेडला लागणारा फ्लँज (बोल्टने आवळायची सपाट पट्टी) जाड आहे. पोलादी पट्टी कडेवर उभी धरून तिच्याखाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) सरकवून पाहिला, तेव्हा फ्लँज सपाट असल्याची खात्री झाली. वेल्डिंग करून बनवलेल्या पत्र्याच्या मॅनिफोल्डमध्ये उष्णतेने हाच भाग वाकडा होतो, त्यामुळे ही तपासणी कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. प्लेनमच्या आत, जिथे रनर सुरू होतात, तिथे तोंडे तुतारीसारखी गोलाकार उमललेली आहेत. धारदार कडेपेक्षा अशा गोल तोंडातून हवा खूप सहज आत शिरते, म्हणून महागड्या आणि स्वस्त मॅनिफोल्डमधला फरक पाहायचा असेल तर आधी इथे टॉर्च मारावी.

आतले काम मात्र बाहेरच्या दिखाव्याइतके निगुतीचे नाही. रनरमध्ये बोट फिरवले की वाळूच्या साच्याचा खरखरीतपणा लागतो. खरखरीतपणाची फार चिंता करण्याचे कारण नाही, कारण त्याने वरच्या फेऱ्यांवर होणारे नुकसान किरकोळ असते. काळजीची गोष्ट वेगळीच निघाली. तिसऱ्या रनरमध्ये, इंजेक्टरच्या भोकाच्या आतल्या कडेला, ड्रिलिंग करताना उरलेली ॲल्युमिनियमची एक बारीक कुरळी साल चिकटून होती. अशी साल निसटली की तिच्या वाटेत एअर फिल्टर नाही, काही नाही. ती थेट व्हॉल्व्हच्या बैठकीवर किंवा सिलिंडरात जाते. त्यामुळे नवा मॅनिफोल्ड बसवण्याआधी साबणाच्या गरम पाण्याने व नळीच्या ब्रशाने आतून घासणे, दाबाच्या हवेने फुंकणे आणि पांढरे फडके फिरवून पाहणे आवश्यक आहे. "बसवण्यास तयार" असा शिक्का खोक्यावर असला तरीही.

दुसरी त्रुटी पोर्टच्या जुळणीची आहे. जुन्या गॅस्केटवर (सांधा हवाबंद करणाऱ्या पातळ चकतीवर) हेडच्या पोर्टचा ठसा स्पष्ट उमटलेला होता. तो नव्या मॅनिफोल्डच्या फ्लँजवर ठेवून पाहिला, तेव्हा टोकाच्या दोन रनरची खालची कड पोर्टपेक्षा साधारण नखाच्या जाडीएवढी बाहेर होती. रनर पोर्टपेक्षा मोठा असला की हवेच्या वाटेत हेडच्या धातूची पायरी उभी राहते आणि हवा तिच्यावर आदळते. रनर पोर्टपेक्षा किंचित लहान असेल तर हवा पायरीवरून खाली उतरते आणि तोटा तुलनेने कमी होतो. येथे चूक नेमकी वाईट बाजूची होती. उपाय हेडचा पोर्ट तेवढाच घासून जुळवण्याचा आहे, पण त्यासाठी हेड उतरवणे किंवा धातूचा कीस आत जाणार नाही याचा कडेकोट बंदोबस्त करणे भाग पडते. या पातळीच्या भागाकडून ही अपेक्षा ठेवावी लागणे योग्य नाही.

बसवण्याचे काम स्वतः करणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात लिहितो, कारण या भागाच्या बाबतीतल्या बहुतेक तक्रारी मुळात बसवण्यातल्या हयगयीच्या असतात. इंधनाच्या लाइनमधला दाब आधी सोडावा आणि बॅटरीचे ऋण टोक काढावे. जुना मॅनिफोल्ड काढण्यापूर्वी त्याला येणारी प्रत्येक नळी आणि वायर टेप लावून, खूण करून घ्यावी: ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम नळी, क्रँककेसच्या वाफेची पीसीव्ही नळी, इंधन टाकीच्या वाफेची पर्ज नळी, एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा), हवेच्या तापमानाचा सेन्सर. नव्या मॅनिफोल्डवर या सगळ्यांसाठी जागा आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. शर्यतीसाठी बनवलेल्या काही मॅनिफोल्डवर पीसीव्ही आणि पर्जची तोंडे नसतात; पीसीव्ही नळी बुजवली, तर इंजिनात तेलाची वाफ कोंडते, आणि या नळ्या मोकळ्या सोडल्या तर प्रदूषण तपासणीत गाडी अडकू शकते. या मॅनिफोल्डवर सर्व तोंडे आहेत, पण ब्रेक बूस्टरचे तोंड मागील भिंतीच्या इतके जवळ आहे की नळीची क्लिप लावताना पक्कड फिरवायला जागा उरत नाही. मॅनिफोल्ड बोल्टवर घट्ट करण्याआधीच ही नळी जोडून घेणे सोयीचे जाते. मॅनिफोल्डला खालून आधार देणारा कंस ब्लॉकला जोडलेला असतो. तो नव्या भागाला बसत नाही म्हणून बाजूला ठेवून देण्याचा मोह अनेकांना होतो. ओतीव ॲल्युमिनियमचा हा भाग मूळ प्लास्टिकच्या भागापेक्षा जड आहे, आणि त्याचे वजन केवळ फ्लँजच्या बोल्टवर लटकत राहिले, तर कंपनाने आज ना उद्या गॅस्केट किंवा फ्लँज यांपैकी एक हार मानते. कंसासाठी छोटी पट्टी घडवून घ्यावी.

बोल्ट मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंकडे जात, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत. या आकाराच्या बोल्टना साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, पण नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यावा. इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या घालाव्यात आणि बसवताना त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. कोरडी ओ-रिंग चिरली की तिथून एकतर पेट्रोल गळते किंवा हवा ओढली जाते, आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळण्याचे परिणाम सांगायला नकोत. इंजिन सुरू केल्यावर आयडलिंग डोलत असेल किंवा पी०१७१ हा "मिश्रण पातळ" असल्याचा कोड येत असेल, तर बहुधा गॅस्केटजवळून हवा शिरत आहे. कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधण्याची जुनी पद्धत झटपट असली तरी गरम एक्झॉस्टशेजारी ती धोक्याची आहे. धुराची तपासणी करणारे यंत्र मिळाले तर तेच वापरावे.

मॅपिंगशिवाय या मॅनिफोल्डचे परीक्षण करणे अन्यायाचे ठरेल. ज्या गाड्यांचा ईसीयू एमएपी सेन्सरच्या दाबावरून आत गेलेल्या हवेचा अंदाज बांधतो, त्याच्या कोष्टकात मूळ मॅनिफोल्डचे भरणीचे आकडे बसवलेले असतात. रनरची लांबी बदलली की तोच दाब आणि त्याच फेऱ्या असतानाही सिलिंडरात जाणारी हवा बदलते. हलक्या पायाने चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक पकडून इंधन दुरुस्त करतो, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बहुतेक ईसीयू ती दुरुस्ती बाजूला ठेवून कोष्टकावरच विसंबतात, आणि जिथे हवा वाढलेली असते नेमके तिथेच मिश्रण पातळ होते. पेट्रोलसाठी हवा-इंधनाचे रासायनिक प्रमाण १४.७ : १ असते, आणि पूर्ण भारावर ते साधारण १२.५ ते १३ : १ इतके दाट ठेवले जाते. वरच्या फेऱ्यांवर पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला धोका. त्यामुळे मॅपिंगचा खर्च या भागाच्या किमतीतच धरला पाहिजे. हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांत ही अडचण कमी असते, नाहीशी होत नाही.

आता रस्त्यावरचा अनुभव. मॅपिंग नव्याने करून घेतल्यानंतर पहिला बदल जाणवतो तो खालच्या बाजूला, आणि तो सुखद नाही. ३,००० फेऱ्यांच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये चढाला लागल्यावर पूर्वी गाडी न कुरकुरता ओढत असे. आता एक गिअर खाली टाकावा लागतो. शहरातल्या गर्दीत, जिथे सुई क्वचितच ३,५०० च्या वर जाते, तिथे गाडी आधीपेक्षा मंद वाटते, आणि हे मान्य न करणारी परीक्षणे वाचताना सावध राहावे. ४,५०० च्या पुढे चित्र पालटू लागते. ५,५०० नंतर मूळ मॅनिफोल्डवर जिथे इंजिनाचा दम संपल्यासारखा वाटायचा, तिथे आता ते ओढत राहते आणि लाल रेषेपर्यंत, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत, सुईचा वेग कमी होत नाही. यामागचे कारण सरळ आहे: ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. १८० न्यूटन-मीटर टॉर्क ६,००० फेऱ्यांवर मिळाला तर ताकद सुमारे ११३ किलोवॅट होते आणि तोच टॉर्क ७,००० फेऱ्यांपर्यंत टिकला तर सुमारे १३२ किलोवॅट. म्हणजे कमाल टॉर्क तसूभरही न वाढता ताकदीचा आकडा वाढू शकतो, आणि जाहिरातीत छापला जातो तो हाच. खरेदीदाराने विक्रेत्याकडे कमाल आकडा मागू नये. २,००० पासून लाल रेषेपर्यंतचा, आधीचा आणि नंतरचा, एकाच डायनोवरचा (ताकद मोजण्याच्या यंत्रावरचा) पूर्ण आलेख मागावा आणि दोन रेषा एकमेकींना कुठे छेदतात ते पाहावे. आपली गाडी त्या छेदबिंदूच्या डावीकडे जास्त वेळ चालते की उजवीकडे, हे आपल्याइतके कोणालाच माहीत नसते.

मूळ कॅमशाफ्टचा प्रश्न इथेच येतो. कॅमचे टायमिंग मधल्या फेऱ्यांसाठी असेल, तर व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि वरच्या फेऱ्यांवर मॅनिफोल्डने आणलेली हवा पूर्ण आत जाऊ शकत नाही. या गाडीत तोच अनुभव आला: फायदा स्पष्ट आहे, पण मॅनिफोल्डच्या घडणीत जितका वाव दिसतो तितका तो मिळत नाही. वरच्या फेऱ्यांचा कॅम बसवलेल्या इंजिनावर हाच भाग आपला खरा दर्जा दाखवील, यात मला शंका नाही.

उष्णतेबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती केली जाते. मूळ मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा आहे आणि तो उष्णता फार कमी वाहतो. ॲल्युमिनियम मात्र हेडची उष्णता चटकन ओढून घेते. वाहतुकीत अडकून गाडी तापली की प्लेनमला हात लावता येत नाही, आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान १० अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. पण ॲक्सिलरेटर पूर्ण उघडल्यावर हवा रनरमधून इतक्या झपाट्याने जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही. त्यामुळे सिग्नलवरून निघताना पहिले काही क्षण इंजिन सुस्त वाटते आणि मोकळ्या रस्त्यावर ते जाणवत नाही. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णतारोधक जाड गॅस्केट बसवल्यास हा त्रास बराच कमी होतो; मात्र त्याच्या जाडीमुळे बोल्ट लांब लागतात आणि बोनेटखालची उंची पुन्हा मोजावी लागते. पेट्रोलच्या खपात नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही. आवाज मात्र बदलतो: वरच्या फेऱ्यांवर इनटेकचा घनगंभीर आवाज येऊ लागतो, आणि तो मला आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही.

टर्बोच्या गाड्यांसाठी हे सगळे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथे दाब टर्बोच देत असल्याने लहरीच्या जुळणीचे महत्त्व कमी होते आणि चारही सिलिंडरांना सारखी हवा मिळते की नाही हा प्रश्न पुढे येतो. थ्रॉटल एका टोकाला असलेल्या प्लेनममध्ये सर्वांत दूरच्या सिलिंडराला जास्त हवा मिळण्याचा संभव असतो, आणि ज्याला जास्त हवा त्याचेच मिश्रण आधी पातळ होते.

ज्याची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर नियमित जाते, ज्याने कॅम आणि मॅपिंग यांची तयारी केली आहे आणि ज्याला पोर्ट जुळवून घेण्याची कटकट चालते, त्याला हा मॅनिफोल्ड घेण्याची शिफारस मी करतो. रोज कार्यालयात जाण्यायेण्याच्या गाडीला तो लावू नये. त्या पैशात चांगले टायर आणि ब्रेक पॅड जास्त उपयोगी पडतील. तरीही घ्यायचाच ठरवला, तर काही गरम-थंड फेरे झाल्यावर बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा तपासावेत, आणि मूळ मॅनिफोल्ड, त्याचा कंस व सेन्सरची माउंटिंग एकत्र बांधून ठेवून द्यावीत, कारण गाडी विकताना पुढचा मालक बहुधा तोच भाग मागेल.